वुसुमुझीची आई

बातमी आली तेव्हा मी भांडत होते. जर्मनीत, ब्राउनश्वाइगला आमच्या जिन्याखाली सायकल ठेवायची की नाही, यावरून इमारतीची देखभाल करणाऱ्या हाउसमाइस्टरशी माझी हुज्जत चालली होती आणि फोन वाजला. दादा होता. "गेली शुभदा," एवढंच म्हणाला. चार महिने आजार चालला होता, कळणार हे माहीत होतं, तरी मी जिन्यातच बसले... हाउसमाइस्टरने माझ्या तोंडाकडे पाहिलं, मुकाट्याने सायकल उचलून जिन्याखाली लावली आणि निघून गेला. संध्याकाळी पुण्याहून आण्णाकाकांचा फोन. काका दोन मिनिटं खरोखर रडले. मग नाक साफ करून म्हणाले, "मीना, आता त्या पोराचं नाव तेवढं माणसांत आणा. आईचं खूळ आईबरोबर गेलं." तिचं अजून सगळं व्हायचं होतं, आणि यांना पोराच्या नावाची घाई. म्हणून हे लिहायला बसले आहे. वहिनीला जाऊन सहा आठवडे झाले. ती कशी गोड होती, सुगरण होती, असं लिहायला घेतलं होतं, ते फाडून टाकलं. ती गोड नव्हती. सुगरण तर मुळीच नव्हती, तिच्या पोळ्यांना दादा नकाशे म्हणायचा. ती हट्टी होती, आणि तिचा सगळ्यात मोठा हट्ट आज सात वर्षांचा आहे. ज्यांना हे आवडणार नाही त्यांनी खुशाल पान उलटावं.

शुभदावहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. दोघंही केमिस्ट, दोघंही लुडविग्सहाफेनच्या कारखान्यात, आणि राहायला तिथून जवळच्याच एका लहान गावात. मी या देशात आले ती त्यांच्यानंतर सहा-सात वर्षांनी, मोटारींच्या कारखान्यातल्या इंजिनियरची बायको म्हणून. तोवर त्यांच्या घरात दोनदा पाळणा आणायचं ठरलं होतं आणि दोनदा राहिलं होतं. पहिली मुलगी आठव्या महिन्यात गेली. दुसऱ्या वेळी पाचव्यातच सगळं आटोपलं. त्यानंतर ते घर असं काही मिटलं की विचारू नका. दादा जेवताना बोलायचा बंद झाला, वहिनी सुट्टीच्या दिवशीही प्रयोगशाळेत जाऊन बसायला लागली. मी दिवाळीला गेले तर दारात पणतीसुद्धा नव्हती. मी शहाणी, जाताच म्हटलं, "वहिनी, देवाचं काही करायचं राहून गेलंय का, गुरुजींना विचारू या?" तिने माझ्यापुढे ताट ठेवलं आणि म्हणाली, "मीना, जेव. देवाला मध्ये आणू नकोस, त्याला त्याची कामं आहेत." आमटी अळणी होती. तरी मी संपवली.

तिच्या प्रयोगशाळेत थांडेका नावाची एक मुलगी होती, दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनची, झुलू. दोघी दुपारचा डबा एकत्र खायच्या. वहिनीला तिसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा तिने पुण्यालाही कळवलं नव्हतं, मलाही नाही. थांडेकाला सांगितलं होतं. मला पुढे कळलं तेव्हा राग आला होता, आज नाही येत. थांडेकाने तिला आपल्या आजोबांची गोष्ट सांगितली. आजोबांच्या आधीची भावंडं गेली होती, घर बुडाल्यात जमा होतं, आणि मग ते जन्मले. त्यांचं नाव ठेवलं वुसुमुझी. झुलू भाषेत वुसा म्हणजे उठवणं, पडलेलं पुन्हा उभं करणं. आणि उमुझी म्हणजे घर, पण नुसत्या भिंती नव्हेत, माणसं, गुरं, आवार, सगळं घराणं. बुडालेलं घर उभं करणारा तो वुसुमुझी. त्यांच्यात नाव असं ऐकायला छान म्हणून ठेवत नाहीत, घरावर काय गुदरलं ते नावात सांगतात. आणि थांडेका हेही म्हणाली होती, की आमच्या शहरातल्या आयासुद्धा आता हे नाव ठेवत नाहीत, लांब वाटतं, जुनं वाटतं. आमच्या घरात तर आजोबांनंतर कुणालाच ठेवलेलं नाही.

मला हे कळलं ते मुलगा झाल्यावर. धडधाकट, काळाभोर जावळ असलेला मुलगा. मी म्हटलं, "वहिनी, आपल्या भाषेत काय नावं संपली?" तेव्हा ती जे म्हणाली ते मी कधी विसरणार नाही. "आपल्यात मूल जगत नसलं की काय नाव ठेवतात ग? दगडू. धोंडू. केरू. यमाला वाटावं हा नुसता कचरा आहे, म्हणजे तो हात लावणार नाही. दोन लेकरं गेल्यावर मी पोराला कचरा म्हणू? ते लोक लपवत नाहीत, मीना. ते सरळ सांगतात, घर पडलं होतं, याने उठवलं. मला असं उजळ माथ्याने सांगायचंय." मला पटलं नाही. मला, खरं सांगते, लाज वाटली. पुण्यात काय सांगू, भाचा झाला आणि नाव आफ्रिकेतलं? लाज नावाची नव्हती, आफ्रिकेची होती. इंग्रजी नाव असतं तर मी चार लोकांत मिरवलं असतं. हे आता लिहायला नको वाटतंय, पण लिहिते.

आणि मग मी जे केलं ते फक्त एक मराठी आत्याच करू शकते. बाराव्या दिवशी बारसं होतं. आसपासची दहा-बारा मराठी कुटुंबं जमली होती, घुगऱ्या शिजल्या होत्या, चाकांच्या जर्मन पाळण्याला झेंडूऐवजी दुकानातली पिवळी फुलं बांधली होती. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. वहिनीने सकाळी माझ्याकडून दहादा म्हणून घेतलं होतं, वुसुमुझी, वुसुमुझी. मी वाकले, कानात कुर्र केलं, बायकांनी पाठीत धपाटे घालायला सुरुवात केली, आणि मी म्हटलं, "वसंत." आमच्या वडिलांचं नाव. मग उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं पुन्हा म्हटलं. टाळ्या पडल्या. पाळण्याच्या पलीकडे थांडेका उभी होती, रेशमी साडी नेसवलेली, तिला वाटलं असंच असतं. तीही टाळ्या वाजवत होती. वहिनीने मला सगळ्यांदेखत एक शब्द विचारला नाही. स्वयंपाकघरात घुगऱ्यांचं पातेलं माझ्या हातात देत म्हणाली, "तुझा हक्क होता, तू बजावलास. आता माझा मी बजावते." त्या दिवशी ती माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं.

सोमवारी ती जन्मनोंदणीच्या कचेरीत गेली, श्टांडेसआम्टमध्ये. दोन आठवड्यांची बाळंतीण, दादा नको नको म्हणत मागे. दोघांना इथे राहून बरीच वर्षं झाली होती म्हणून मुलगा जन्मतःच जर्मन नागरिक. म्हणजे नावाला नियम इथले. कचेरीतल्या बाईंनी नावांचं जाडजूड पुस्तक काढलं. त्यात नाव नव्हतं. आल्झो, तर मग, हे नाव आहे याचा पुरावा हवा, आणि ते मुलाचंच असतं, मुलीचं नव्हे, याचाही. बाई वाईट नव्हत्या. त्यांनीच वाट सुचवली, सोबत एखादं ओळखीचं नाव जोडा, पेटर म्हणा, थोमास म्हणा, आत्ता शिक्का मारते. वहिनी म्हणाली, "या गावातल्या थोमासच्या आईने कधी पुरावा आणला होता का?" हे मला दादाने फोनवर सांगितलं, घाबऱ्या आवाजात, आणि मी इकडे मनात म्हटलं, देव पावला, आता सुटतंय खूळ. दोन आठवडे मी त्या सरकारी बाईंच्या बाजूने होते. मग डर्बनहून फॅक्स आला. थांडेकाच्या आजोबांचा चर्चमधला बाप्तिस्म्याचा दाखला, आणि त्याखाली तिथल्या पाद्रींनी लिहिलेल्या दोन ओळी, की हे पुरुषाचं नाव आहे आणि ज्याला ते मिळालं तो माणूस चांगला होता. दुसऱ्या ओळीची गरज नव्हती. बाईंनी ती दोनदा वाचली, गेनाऊ, अगदी बरोबर, म्हणाल्या आणि शिक्का मारला. वहिनीने दाखल्याची प्रत मला पोस्टाने पाठवली, सोबत चिठ्ठी वगैरे काही नाही.

पुढची सात वर्षं पुण्याने त्याला वसंत म्हटलं आणि त्याने एकदाही ओ दिली नाही. मी कधी वसंत म्हणायचं सोडलं ते मलाही सांगता येणार नाही. तो तीनेक वर्षांचा असेल. दादा त्याला पाठीवर घेऊन घरभर रांगत होता आणि मोठमोठ्याने गात होता... हाच माझा भाऊ, जो जेवताना बोलत नव्हता. त्या दिवशी दारातून हाक मारताना माझ्या तोंडून वुसू निघालं. वहिनी कांदा चिरत होती. तिने मान वर केली नाही, पण ऐकलं होतं तिने.

आता तेराव्याचं सांगते. इथे गुरुजी मिळाले नाहीत म्हणून पुण्याच्या गुरुजींनी स्पीकरफोनवर विधी सांगायचे ठरले. आण्णाकाका त्यांच्याशेजारी बसलेले. इकडे पाटावर वुसू, मागे दादा. गुरुजींनी गोत्र विचारलं, मग कर्त्याचं नाव. तिकडून काका लगेच म्हणाले, "वसंत." गुरुजी पुढे म्हणायला लागले. वुसू हातात पळी धरून तसाच बसला, आपल्याला काही सांगताहेत हे त्याला कळलंच नाही. मी फोनजवळ गेले. "गुरुजी, थांबा. वुसुमुझी म्हणा." काका ओरडले, मंत्रात असलं नाव चालत नाही. मी म्हटलं, "काका, आई त्याची गेली आहे. पाणी त्याच्या हातचं जायचंय, तर त्याच्या नावाने जाऊ दे. वसंत नावाचा मुलगा तिला नव्हताच, तो मी तेव्हा खोटाच सांगितला होता." गुरुजी बिचारे शांत माणूस. त्यांनी माझ्याकडून नाव दोनदा म्हणून घेतलं आणि संकल्प पहिल्यापासून सुरू केला. संस्कृतच्या त्या ओघात आपलं नाव आलं तसं पोराने वर पाहिलं आणि पाणी सोडलं.

काकांनी माझ्याशी बोलणं टाकलं. टाकू देत. पण दादा थकला. त्याला रोज पुण्याचे फोन, त्यात शाळेत पोरांनी चिडवाचिडवी सुरू केलेली. एक दिवस म्हणाला, "मी काय जन्मभर सगळ्यांशी भांडत बसू? ते शुभदाला जमायचं." आणि त्याने नाव बदलायचा अर्ज आणला, आंट्राग, आणि भेटीची वेळही घेतली. नवीन नावाच्या चौकटीत वसंत लिहिलं होतं. माझंच पाप माझ्यापुढे आलं. मी आदल्या दिवशी गाडी पकडून गेले, रात्रीपर्यंत बोलले, हात जोडले. तो ऐकून घेत राहिला आणि सकाळी कोट चढवून निघाला.

कचेरीच्या बोळात बाकावर आम्ही तिघं. दार उघडून एक तरुण बाई कागद घेऊन बाहेर आल्या, कागदावर अडखळल्या आणि म्हणाल्या, "हेर पाटणकर आणि... मुलगा?" दादा उठला. मीही उठले. वुसू बसूनच. त्याने दादाचा कोट धरला आणि जर्मनमध्ये म्हणाला, "नोख निश्ट, पापा." अजून नाही. दादाने विचारलं, काय झालं? पोरगं अगदी सहज म्हणालं, "नाव नीट म्हणाले की उठायचं. मामा आधी उठत नाही." मामा म्हणजे आई, इथली पोरं असंच म्हणतात. डॉक्टरकडे, शाळेत, पोहण्याच्या तलावावर त्याला नेहमी वहिनीच न्यायची. हे दादाला माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. आणि 'उठत नाही' म्हणाला, 'उठायची नाही' नाही म्हणाला... दादा हळूच खाली बसला. मीही बसले. त्या बाईंचा चेहरा लाल झाला. त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला, बोट ठेवून एकेक अक्षर जुळवलं. "वु-सु-मु-झी?"

"या," म्हणजे हो, असं जर्मनमध्ये म्हणून तो उठला आणि त्याने त्यांच्याशी हात मिळवला.

आत बाईंनी विचारलं, काय बदलायचं आहे? दादाने अर्जाची घडी करून कोटाच्या खिशात घातली. म्हणाला, "काही नाही. आम्हाला फक्त तुमच्याकडून नाव ऐकायचं होतं." बाहेर पायऱ्यांवर त्याला रडू फुटलं, भर दुपारी, लोकांदेखत, आणि मी त्याला रडू दिलं. मग डोळे पुसून त्याने पोराला विचारलं, "आणि एखाद्याला जमलंच नाही तर मामा काय करते?"

"तीनदा थांबायचं," वुसू म्हणाला. "मग आपण शिकवायचं."