फाट्यावरची फांदी

जेसल पार्कच्या आमच्या बिल्डिंगमध्ये आठ-दहा जणांचा चालणाऱ्यांचा ग्रुप होता. थंडीतल्या रविवारी सकाळी बसने घोडबंदरला जायचं, परवानगी घेऊन पलीकडच्या जंगलात दोन-तीन तास चालायचं आणि जेवायला घरी परत. मोबाइल नुकते हातात आले होते, पण आत रेंजचा पत्ता नसायचा. वाट दाखवायला तिथल्याच पाड्यावरची एक मावशी यायची. नियम तिचे: वाट सोडायची नाही, गाणी-बिणी नाहीत, आत नेलेलं सगळं बाहेर आणायचं.

शेवटचा नियम मी फारच मनावर घेतला होता. दिसेल ते उचलून जागेवर ठेवणं हा माझा आजारच आहे. घरी सासूबाईंचा चष्मा मी दिवसातून चारदा उचलून ठेवायचे आणि त्या पाच वेळा शोधायच्या. जंगलात खांद्याला पिशवी अडकवून मी गुटख्याच्या पुड्या वेचत चालायचे आणि टाकणाऱ्यांचा मनातल्या मनात उद्धार करायचे.

एका रविवारी सासूबाई म्हणाल्या, "मी पण येणार हां." मी गुडघ्यांची आठवण करून दिली. "रत्नागिरीला सड्यावर काय लिफ्टने चढत होते?" म्हणत त्यांनी कॅनव्हासचे बूट चढवले. हळू चालणाऱ्यांबरोबर चाललं की माझं डोकं फिरतं. म्हणून मी त्यांना तळमजल्यावरच्या गुजराती काकांच्या हवाली केलं आणि सटकले.

सगळ्यांत पुढे मावशी आणि मंडळी, मध्ये मी आणि माझी पिशवी, बऱ्याच मागे ते दोघं. एके ठिकाणी वाट फुटत होती. एका फाट्याच्या तोंडावर पानांची फांदी आडवी पडलेली, वर दगड. मी जाम वैतागले. एक तर झाडं तोडायची, वर वाटेत टाकायची! मी दगड सरकवला, फांदी नीट झुडपाखाली ठेवली आणि स्वतःवर खूश होऊन दुसऱ्या फाट्याने पुढच्या मंडळींच्या मागे गेले.

ओढ्यापाशी आम्ही पाणी पीत बसलो. वीस मिनिटं झाली तरी दोघं आले नाहीत.

"फाट्यावर फांदी ठेवली व्हती," मावशी म्हणाली. "दिसली न्हाय का त्यांना?"

"ती कशाला ठेवली होती?"

"मागच्यांना कळाया. फांदी हाय तिकडं जायाचं न्हाय. तिकडं पाणवठा हाय, बिबट्या येतो."

"मावशी, ती मी उचलली."

ती उठून चालू लागली. मी पळायला लागले तर म्हणाली, "पळू नको. वरडू पण नको." मी तिच्या मागून चालत राहिले. सकाळी मी सासूबाईंना धड 'चला' सुद्धा म्हटलं नव्हतं, तेच सारखं आठवत होतं.

चुकीच्या फाट्यावर धुळीत कॅनव्हासच्या बुटांचे ठसे होते. पन्नासेक पावलांवर वळण, आणि वळणावरच्या दगडावर दोघं काकांच्या डब्यातले ठेपले खात बसलेले.

"आलीस?" सासूबाई म्हणाल्या. "धुळीत तुमच्यापैकी कोणाचाच ठसा दिसेना. म्हटलं, चुकलो. चुकलं की बसून राहायचं, शोधणाऱ्याला सोपं जातं."

"मैं बोला, आवाज देते हैं," काका म्हणाले. "माँजी बोली, जंगल है, चुप बैठो."

मला रडू फुटलं. रडत रडतच फांदीचं सांगितलं. सासूबाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. "अगो, माझा चष्मा उचलतेस, तशीच ही पण उचललीस?"

"आणि ती तोडलेली न्हाय हां ताई, पडलेलीच व्हती," मावशीने मला ऐकवलं. मग म्हणाली, "उचलायची लई हौस हाय तर शेवटी चाल. शेवटचं मानूस गेलं की फांदी काढायची. वाट व्हती तशी ठेवायची."

पुढच्या रविवारपासून ते काम माझ्याकडे आलं. शेवटचं माणूस म्हणजे अर्थात सासूबाई. त्या दर दहा पावलांवर थांबायच्या, एखाद्या पानाचा वास घ्यायच्या, वारुळाला वळसा घालायच्या. फाटा ओलांडला की वळून म्हणायच्या, "हं, आता उचल." मी फांदी झुडपाखाली ठेवायचे आणि परत त्यांच्या मागे. लग्नाला नऊ वर्षं झाली होती. त्यांच्या चालीने मी पहिल्यांदाच चालत होते.