जानराव ग्रेडरची बोटं

मूर्तिजापूरच्या सरकारी कापूस खरेदी केंद्रावर जानराव सव्वीस वर्षं ग्रेडर होते. गाडीत कोपरापर्यंत हात घालायचा, तळचा कापूस ओढायचा, दोन अंगठ्यांत धागा ताणायचा आणि प्रत सांगून मोकळं व्हायचं. माल ओला ठरला की भाव पडला. पुढं नापिकी आणि कर्जापायी शेतकरी हाय खाऊन बसले, त्या नोकरीच्या शेवटच्या सालांतही जानरावांच्या बोटांवर कुणी शंका घेतली नाही. केवढा रुबाब होता गड्याचा!

निवृत्तीला तीन वर्षं झाली आणि मुलगी भावना अमरावतीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून एक व्हिडिओ गेम घेऊन घरी आली. तो म्हणे डोळे मिटून खेळायचा. हातातलं हँडल थरथरणार आणि त्यावरून कापसाची प्रत ओळखायची. कोरड्या कापसाला हलकं, ओल्याला जड.

"गेमात सारे डोयाचे अन् कानाचेच लाड करतेत," ती म्हणाली. "हाताले कोणी विचारतच नाई. बरोबर लागते का, तेवढं सांगा बाबा."

साखरेच्या दुखण्यानं जानरावांची बोटं केव्हाच मेली होती आणि घरात हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पोरीपुढं तेवढंच एक मोठेपण उरलेलं, तेही घालवायचं?

"लाव," ते म्हणाले.

मग आठवडाभर त्यांनी डोळे मिटल्याचं सोंग केलं. पापणीच्या फटीतून पोरीचा चेहरा बघायचा आणि अंदाजानं ठोकून द्यायचं. ती बिचारी त्यांच्या शब्दावर थरथर कमीजास्त करत राहिली. या सोंगानं जानराव पार थकून गेले.

सोमवारी गेम परीक्षकांपुढं मांडायचा होता. रविवारी दुपारी तिनं शेवटचं विचारलं.

"ओला," जानराव म्हणाले.

भावना हँडलकडे बघत राहिली. "बाबा, वायर निघून हाय."

आता लपवण्यात काही अर्थ नव्हता. "मले काईच समजत नाई, पोरी. तुया तोंडाकडे पाहून सांगत होतो."

आठवड्याची मेहनत पाण्यात गेली होती. तिचे डोळे भरले. "कवापासून असं?"

निवृत्तीनंतर, असं म्हणून सुटता आलं असतं. पण खोटं बोलायचंही आता त्राण नव्हतं.

"नोकरीचे शेवटचे दोन हंगाम."

"मंग केंद्रावर कोनाच्या तोंडाकडे पायत होते?"

"गाडीवाल्याच्या. जो भेलेला दिसे, घाबरून पाहे, त्याचा माल ओला." जानरावांनी मान खाली घातली. "अन् त्या सालात तर सारेच भेलेले होते."