सोसेल तेवढाच उजेड

डबीतून एक रेझिस्टर काढायचा, दोन बोटांत धरून दुकानाच्या दारात यायचं, एक डोळा मिटायचा आणि तो उन्हाकडे धरून विचारायचं, "आदी सांगा, याले सोसते किती?" काकांचा हा प्रश्न गिऱ्हाइकाला नसायचा. समोर पडलेल्या रेडिओला, लग्नातल्या दिव्यांच्या माळेला, नाहीतर स्वतःलाच असायचा.

बाजारहत्नूरच्या रस्त्याला त्यांचं दुरुस्तीचं दुकान होतं, आमच्या मराठी शाळेपासून हाकेच्या अंतरावर. तुमच्याही गावात असा एक माणूस असणार. बिघडलेली वस्तू घेऊन जावं आणि आधी आपलीच उलटतपासणी व्हावी. मी एकदा पंखा नेला. "बंद पडला, काका." ते चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिले. "काऊन पडला? तुमी काय केलं त्याले?" मी म्हटलं, काही नाही, आपोआप पडला. "आपोआप तं माणूसबी बिघडत नाई, सर."

मी मराठीचा मास्तर. विजेतलं मला जे काही कळतं ते त्यांनी शिकवलेलं. रेझिस्टर म्हणजे भाताच्या शिताएवढी वस्तू, अंगावर रंगीत पट्टे. तपकिरी, हिरवा, पुन्हा तपकिरी म्हणजे दीडशे ओहमचा अडथळा. तोच शेवटचा पट्टा काळा असला की पंधरा. दिव्याकडे जाणारी वीज तो अडवून धरतो, दिव्याला सोसेल तेवढीच पुढे सोडतो. तपकिरीच्या जागी काळा लागला की दिवा गेलाच म्हणून समजा.

काकू आतून चहा घेऊन येत आणि मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणत, "दिव्याले किती सोसते ते गावाले सांगतेत. बायकोले किती सोसते, हे चाळीस वर्सांत एकदा इचारलं नाई!" सगळ्यात मोठ्यानं हसत ते स्वतः.

त्यांची मुलगी नांदेडला. बाबांनी दुकान बंद करून तिच्याकडे यावं म्हणून मागे लागलेली. सत्तरी आली होती, एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्यात मोतीबिंदू पिकत होता. तिचा फोन आला की उत्तर ठरलेलं. "ज्या दिवशी पट्टा चुकन, त्या दिवशी कुलूप लावून येतो. तोवर नाव काढू नोको." हे मी माझ्या कानांनी, एकदा नाही, दहादा ऐकलं आहे. ते लक्षात ठेवा. मी मात्र नेमका विसरलो.

त्या वर्षी स्नेहसंमेलनासाठी मी एक नाटक लिहिलं. राजकन्येच्या हातात उजेडाची तलवार, समोरचा खोटं बोलला की ती लाल होते, खरं बोलला की निळी. लिहून झाल्यावर मी स्वतःवर इतका खूश झालो की दोन दिवस बायकोला ऐकवत सुटलो. तलवार करायला काकांकडे गेलो.

आठ दिवस त्यांनी दुसरं काम हातात घेतलं नाही. ट्यूबलाइटचं दुधी आवरण हे पातं, पीव्हीसी पाइपाचा तुकडा ही मूठ. आत लाल दिव्यांची एक रांग, निळ्यांची एक, मुठीत दोन बटणं. मी आपला शहाणपणा केला, एवढे रेझिस्टर कशाला, सगळ्यांना मिळून एक लावा की. त्यांनी हातातली डाग द्यायची सोल्डरिंग गन खाली ठेवली. "लाल दोन व्होल्टात खूश होते, सर. निळ्याले तीन लागते. एकाच रेझिस्टरवर दोघाइले बसवलं तं लाल समदं पिऊन टाकते, निळा उपाशी. म्हणून हरेकाले आपापला." तलवार हातात देताना म्हणाले, "टॉर्चचे तीन सेल. याच्यावर एकबी नाई. घाई नोको अन् हाव नोको."

हाव सुटली ती मलाच. संमेलन दुपारचं. हॉलच्या खिडक्यांना चादरी लावल्या, पण पत्र्याच्या भोकांतून ऊन येतच होतं. तलवार दिसत होती, छान दिसत होती, पण मला मंडलाच्या, म्हणजे आमच्या तालुक्याच्या, शिक्षणाधिकाऱ्यांचे डोळे दिपवायचे होते. आमच्याकडे घरोघर कापसावर फवारायचा पाठीवरचा पंप असतो, त्यात बारा व्होल्टची बॅटरी, तीन सेलांच्या जवळजवळ तिप्पट. त्या बॅटरीवर आम्ही काय चालवत नाही? मोबाइल, बल्ब, भजनाचा माईक. एका पालकाकडून ती मागून आणली, सिंहासनामागे ठेवली आणि राजकन्येच्या झग्याखालून वायर नेऊन मुठीत जोडली. कुणाला विचारलं नाही.

पहिलं खोटं आलं आणि तलवार अशी लाल पेटली की हॉलभर "आरं बाप!" झालं. दुसऱ्या रांगेतले काका अर्धवट उठले. मला वाटलं, कौतुकानं. मग निळी. तसला निळा मी जन्मात पाहिला नव्हता. दहा आकडे मोजावेत एवढा वेळ तो होता. मग जळका वास आला आणि तलवार विझली. दुसरं बटण दाबलं तर लालही गेली. नववीतली आमची राजकन्या भारी धीट. तलवार तशीच उंच धरून म्हणाली, "सत्य विझलं तरी सत्यच असतं, महाराज!" टाळ्या पडल्या.

काका पडद्यामागे येईपर्यंत मी बॅटरी पोत्याखाली सरकवली होती आणि मुठीत तीन सेल परत बसवले होते. का? शिक्षणाधिकारी शेजारी उभे, हेडमास्तर उभे. भित्रेपणा, दुसरं काही नाही.

त्यांनी मूठ उघडली. सेल मोजले. तीनच. पातं उकललं तर रेझिस्टर काळेठिक्कर, पट्टे जळून गेलेले. एक उपटून ते दारात गेले, एक डोळा मिटला आणि तो उन्हाकडे धरला. बराच वेळ धरून राहिले.

"तपकिरी म्हून काळाच लावला वाटते म्या," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "सर, माह्याच हातून झालं ना हे?"

मी म्हणालो, "असू द्या हो काका. होतं असं कधीकधी."

हे माझं वाक्य. आजही आठवलं की तोंड कडू होतं.

पंधरा दिवसांत दुकानाला कुलूप लागलं. गावानं मोतीबिंदूला दोष दिला, मी मान डोलावली. निघायच्या दिवशी ते शाळेत आले, हातात तलवार. "नवीन करून देल्ली. डबल रेझिस्टर टाकले, मीटरनं एकेक मोजून. आता माह्यावाणी कोनी आंधळा चुकला तरी जळत नाई." बस येईपर्यंत मी त्यांच्याजवळ उभा होतो. अर्धा तास होता. बोललो काय, तर यंदाच्या थंडीबद्दल.

चार महिन्यांनी नांदेडला गेलो, खास सांगायलाच. तिसऱ्या मजल्यावर खिडकीशी बसले होते. काकूंचा मिक्सर बिघडून ओट्यावर पडला होता. मी म्हटलं, "काका, उघडा की." त्यांनी हात मांडीखाली घेतले. "नोको. माह्या नजरेचा भरवसा नाई आता." एवढ्यावर तरी मी बोलायला हवं होतं. काकूंनी चहा आणला, तो प्यालो आणि परतीची बस धरली. पुढल्या खेपेला नक्की सांगू, असं बसमध्ये ठरवलं. पुढली खेप आली नाही, मुलीचा फोन आला.

तलवार माझ्या वर्गातल्या कपाटात आहे. शाळा सुटल्यावर कधीतरी तीन सेल घालून निळं बटण दाबतो. इतकी मंद लागते की खिडक्या लावून घ्याव्या लागतात. स्वतःवरचा विश्वास उडालेल्या माणसानं केलेली वस्तू आहे ती. ती हातात धरून मी मोठ्यानं म्हणतो, "काका, तुमचा पट्टा बरोबर होता. बॅटरी मी लावली होती."

एवढंच सांगायचं होतं. बाकांवर तेव्हा कुणी नसतं.