कार्ड जिंकलं त्या चाचणीबद्दल

ज्या सरांनी मला इंजिनिअरिंगला शिकवलं, त्यांच्याच सांगण्यावरून मी आयुष्यातला एकमेव खोटा अहवाल लिहिला. ‘एकमेव’ हा शब्द आता लिहिताना जरा सोयीचा वाटतोय, पण राहू दे.

मी सोलापुरातल्या एका खाजगी हॉस्पिटलात सर्व्हर सांभाळायचो. पेशंटचे सीटी, एमआरआय, रिपोर्ट सगळं एन्क्रिप्ट करून, म्हणजे किल्लीशिवाय कुणाला वाचता येणार नाही असं करून, ठेवायचं ठरलं. हे काम सर्व्हरचा प्रोसेसर स्वतः करतो, किंवा त्यासाठी वेगळं कार्ड मिळतं. दोन्हींत चांगलं काय, ते तपासायचं काम माझ्याकडे आलं. सर तेव्हा निवृत्त होऊन हॉस्पिटलचे सल्लागार झाले होते. कार्डच घ्यावं, असं त्यांनी विश्वस्तांना आधीच सांगून टाकलं होतं. ते मला माहीत नव्हतं.

आठवडाभर मी त्याच फायली एकदा चाचणीपुरत्या मागवलेल्या कार्डावर, एकदा प्रोसेसरवर चालवून पाहिल्या. प्रोसेसर पुढे राहिला. हल्लीच्या प्रोसेसरमध्ये एन्क्रिप्शनची सोय आतच असते, त्यामुळे तो जागच्या जागी काम उरकायचा. कार्डाचा वेळ फाइल तिकडे नेण्यात आणि परत आणण्यातच जायचा. कार्डामुळे प्रोसेसर इतर कामांना मोकळा राहतो, हे खरं. पण आमचा प्रोसेसर तसाही निम्मा रिकामाच बसून असायचा.

कागद घेऊन मी जुळे सोलापुरातल्या सरांच्या फ्लॅटवर गेलो. त्यांनी सगळे आकडे नीट वाचले.

“ती आतली सोय बंद करून घेतलीस का चाचणी?”

“नाही सर. ती चालूच असते.”

“एकदा बंद करून घे की. नुसता प्रोसेसर आणि कार्ड.”

“पण सर, ती प्रोसेसरचाच भाग आहे.”

“मला माहितीये. तुला मीच शिकवलंय ना?” ते हसले. मग चष्मा काढून म्हणाले, “मी शब्द देऊन बसलोय रे. या वयात मला माघार घ्यायला लावू नको.”

विभागप्रमुखाची जागा तेव्हा रिकामी होती आणि तिथं सरांचा शब्द चालणार होता. त्यांनी ते बोलून दाखवलं नाही. मला ते न बोलताही कळत होतं.

दुसऱ्या दिवशी सर्व्हर बंद करून मी सेटिंगमधून ती सोय बंद केली आणि पुन्हा चाचणी घेतली. कार्ड लई पुढे गेलं. अहवालात आकडे लिहिले, सोय बंद होती हे लिहिलं नाही. कार्ड आलं, नारळ फुटला, मी प्रमुख झालो. सोय परत चालू करायची राहून गेली. त्या सेटिंगकडे पुन्हा बघायचीच मला इच्छा नव्हती.

दोन वर्षांनी, ऐन ओपीडीच्या गर्दीत, कार्ड बंद पडलं. सगळं काम प्रोसेसरवर आलं आणि फायली उघडेनात. अक्कलकोटकडचा, अपघातात डोक्याला मार लागलेला एक माणूस ऑपरेशनच्या टेबलावर होता. त्याचा सीटी पडद्यावर येईना, म्हणून सर्जन शेवटी स्कॅनच्या खोलीत धावत जाऊन मशीनवर बघून आले. दाराशी त्याची बायको प्रत्येकाला विचारत होती, “अजून किती येळ हाय?” माणूस वाचला. म्हणून प्रकरण बाहेर गेलं नाही.

माझ्या हाताखाली एक इंजिनिअर बाई होत्या, शहराच्या पूर्व भागातल्या विणकर कुटुंबातल्या, वर्षापूर्वीच आलेल्या. दुपारपर्यंत त्यांनी दोष शोधला.

“सर, प्रोसेसरमधलं एन्क्रिप्शन बंद ठेवलंय. कुणी केलं असेल?”

“बघावं लागेल,” मी म्हणालो.

त्यांनी ते चालू केलं. फायली पटापट उघडायला लागल्या, कार्ड असताना उघडायच्या त्याहून लवकर.

चौकशीच्या बैठकीत सरही होते. त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, “या सर्व्हरची रोजची देखभाल कुणाकडे होती?”

“मॅडमकडे,” मी म्हणालो. वाक्य खरं होतं. म्हणूनच ते इतक्या सहज बोलता आलं.

मॅडमना निष्काळजीपणाचं पत्र मिळालं. संध्याकाळी त्या माझ्या टेबलापाशी आल्या, सर्व्हरचं सेटिंग कधी बदललं त्या नोंदींचा कागद घेऊन. “ही तारीख मी यायच्या आधीची आहे, सर. तेव्हा तुम्हीच होता.”

“जाऊ द्या आता. मिटलंय.”

“तुमचं मिटलंय,” त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. कागद टेबलावर ठेवून गेल्या. तो मी फाडला. महिन्याभरात त्यांनी राजीनामा दिला.

एकाच कार्डावर अवलंबून राहिल्यामुळे हे घडलं, असं चौकशीच्या अहवालात आलं, आणि हॉस्पिटलनं दोन कार्डं घेतली. शिफारस सरांची, सही माझी.

पुढे हैदराबादच्या एका कंपनीतून मला फोन आला. मॅडमनी तिथं अर्ज केला होता. कामाला कशा आहेत, विचारलं. फार हुशार, मी म्हणालो. मग नोकरी का सोडली? एवढ्या लांबच्या, अनोळखी माणसाला खरं सांगून माझं काहीही बिघडणार नव्हतं.

“घरगुती कारण असावं,” मी म्हणालो.

नोकरी त्यांना मिळाली, असं दुसऱ्याच कुणाकडून कळलं.