दस्तगीर मास्तरांची चालती जमीन

दस्तगीर मास्तरांच्या घरी जेवायला बसलं की आपल्या भाकरीवर नजर ठेवावी लागायची. बोलता बोलता ते ती उचलायचे, एका अंगानं मोडायचे आणि म्हणायचे, "ही बघा आफ्रिका. आणि हा तुकडा दक्षिण अमेरिका. आता जोडा." जोडून दाखवेपर्यंत कालवण गार. आतून मेहरुन्निसाभाभी ओरडायच्या, "अवो, पावण्याला आदी जेवू द्या. अमेरिका कुटं पळून चालली न्हाय!"

त्यावर मास्तर खूश होऊन म्हणायचे, "चाललीय की! तेच तर सांगतोय."

आमचं गाव जोतिबाच्या वाटेवर, कोल्हापूरपासून सायकलीनं घटकाभराचं. मास्तर शहरातल्या एका हायस्कुलात भूगोल शिकवायचे आणि राहायला गावातच. अंगानं किरकोळ, डोक्यावर काळी टोपी, सायकलला कधी घंटी नाही. वाटेत माणूस दिसला की स्वतःच "टिंग टिंग" म्हणायचे. ऐकलेलं दुसऱ्याला सांगितल्याशिवाय त्यांना राहवायचं नाही. तसं मलाही राहवत नाही. पण मी माणसांचं सांगतो, ते पृथ्वीचं सांगायचे, एवढाच फरक.

हे वेड लागलं कोयनेच्या भूकंपानं. सदुसष्ट साली पहाटे जमीन हादरली आणि सगळं गाव अंगणात आलं. कोण कुठल्या घरातून बाहेर आलं, ही चर्चा भूकंपापेक्षा जास्त दिवस चालली. मास्तर मात्र त्या चर्चेत नव्हते. ते भूकंपावरची पुस्तकं गोळा करायला लागले. पुढं सुट्टीत पुण्याला शिक्षकांच्या शिबिराला गेले. तिथं कुणा प्राध्यापकानं सांगितलं की खंडं जागच्या जागी नाहीत, ती सरकतात. पूर्वी एका जर्मन माणसानं हे सांगितलं तेव्हा लोक त्याला हसले, पण आता समुद्राच्या तळाचा अभ्यास झालाय आणि हसणारे गप्प बसलेत. मास्तर पुण्याहून परत आले ते नव्या नवरदेवासारखे. चेहऱ्यावरचं तेज बघून भाभींना शंका आली म्हणे. तिथं कोण भेटली, असं त्यांनी दोनदा विचारलं.

त्र्याहत्तरच्या गणपतीत सोंगी भजनवाल्यांचा घसा बसला आणि तालमीच्या मंडळानं ऐन वेळी मास्तरांना उभं केलं. मास्तर दोन तास बोलले. पृथ्वीचं कवच अखंड नाही, मोठमोठ्या फरश्या बसवाव्यात तसं ते तुकड्यांचं आहे. आपली भारताची फरशी एके काळी आफ्रिकेला चिकटून होती. तिथून सुटली, उत्तरेला सरकत आली आणि आशियाला धडकली. त्या धडकेत जमिनीला वळ्या पडून हिमालय उठला. ती अजून थांबलेली नाही. वर्षाला दोनतीन बोटं उत्तरेला सरकतेच आहे.

निम्मं गाव तोवर झोपलं होतं. पण आकाराम जागा होता. आणि त्यानं ऐकलं एवढंच, की जमीन वर्षाला दोनतीन बोटं उत्तरेला सरकते.

आता आकारामविषयी सांगायला पाहिजे. माणूस कामाला वाघ, बोलायला गोड. एकच खोड. नांगरट करताना त्याचा नांगर बांधापाशी आला की थोडा पलीकडे जायचा. दर वर्षी थोडा. बांध कोरणं आमच्याकडं नवं नाही; पण बहुतेक लोक चोरून करतात, हा शीळ घालत करायचा. त्याच्या रानाच्या उत्तरेला बयाबाईचं रान. बयाबाई त्याची चुलत भावजय, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. तिच्या पट्टीत एक विहीर आणि जेमतेम पोटापुरतं रान. विहिरीपासून बांध पूर्वी चांगला लांब होता. तो हळूहळू जवळ येत चालला होता, आणि बांधाच्या अलीकडं आकारामचा ऊस.

त्या फाल्गुनात बयाबाईनं शेवटी चावडीत तक्रार केली. पोलीस पाटील हंबीरराव बसले, गाव जमलं. आकाराम उठला आणि हात जोडून म्हणाला, "वैनी म्हंती ते खरं हाय. बांध सरकलाय."

आकाराम कबूल होतोय?

"पर म्या न्हाय सरकवला. जमीनच सरकाय लागलीया. दर वर्साला दोनतीन बोटं, उत्तरंला. माझं रान दक्षिणंला, वैनीचं उत्तरंला. आता भूगोलाला मी काय करू? दस्तगीर मास्तर गणपतीत बोललं, समद्या गावानं ऐकलंय."

जे गणपतीत झोपले होते त्यांनीच आधी माना हलवल्या.

हंबीररावांनी मास्तरांना बोलावलं. मास्तर शाळेतून सायकल हाणत आले, टोपी घामानं ओली. पाटलांनी सरळ विचारलं, "मास्तर, जमीन सरकती का न्हाय?"

"सरकते."

"कुनीकडं?"

"उत्तरेला. जरा ईशान्येकडं."

"ऐकलं का?" आकारामनं मांडीवर थाप मारली.

बयाबाईचा चेहरा उतरला. घरी ती आणि लेक चिमणाबाई, दोघींचं पोट त्या रानावर. बांध विहिरीला भिडला की विहीरही भूगोलात जाणार, हे तिला कळत होतं. ती मास्तरांना म्हणाली, "गुरुजी, एक डाव म्हना की, ते खोटं व्हतं. तुमचं काय जातंय?"

मागून कुणीतरी बोललं, "म्हना मास्तर. गंमत केली म्हना."

मास्तरांची मोठी पंचाईत झाली. खोटं म्हणावं तर पुण्यापासून डोक्यावर घेऊन आलेलं सत्य चावडीत टाकून द्यायचं. खरं म्हणावं तर एका बाईचं रान त्यांच्या तोंडून जातंय. ते उभ्या उभ्या टोपी काढून परत घालत राहिले. शेवटी म्हणाले, "बयाक्का, खोटं कसं म्हणू? पण आकाराम सांगतोय तसंही ते नाही. पाटील, माझ्याबरोबर गुऱ्हाळावर चला. दाखवतो."

गाव गुऱ्हाळावर गेलं. काहिलीच्या भल्या मोठ्या कढईत उसाचा रस उकळत होता. गूळ करणारा गुळव्या कृष्णात वरची मळी काढत होता. एवढी माणसं बघून त्याला वाटलं, गूळ बिघडल्याची कुणी चुगली केली.

मास्तरांनी काहिलीकडं बोट दाखवलं. "बघा. जाळ खाली. रस मधून वर येतो, वर आला की कडेला जातो, कडेला गेला की खाली उतरतो. वरची मळी त्याच्याबरोबर सरकते. पृथ्वीच्या पोटात रस नाही, दगडच आहे. पण इतका तापलेला, की लाखो वर्षांच्या हिशेबात तो असाच फिरतो. वरच्या फरश्या त्याच्याबरोबर चालतात."

"आनी आमचं गाव?" हंबीररावांनी विचारलं.

मास्तरांनी उसाचं एक रुंद सालपट उचललं, चुलीतल्या कोळशानं त्यावर मधोमध रेघ ओढली. "ही फरशी. ह्या अंगाला आकाराम, त्या अंगाला बयाक्का. रेघ म्हणजे बांध." आणि त्यांनी ते काहिलीत सोडलं.

"ओ मास्तर!" कृष्णात किंचाळला. "कोळसा टाकतायसा व्हय माझ्या गुळात? कोल्हापूरच्या पेठंत माझी ढेप नावानं जाती!"

सालपट तोवर मधून सुटून काहिलीच्या कडेला लागलं होतं. मास्तर म्हणाले, "सरकलं का?"

"सरकलं."

"रेघ कुठं हाय?" गडबडीत मास्तर आमची भाषा बोलायला लागले होते.

लोक वाकले. रेघ मधोमधच होती. आकारामची बाजू तेवढीच, बयाबाईची तेवढीच.

"जमीन सरकते ती सगळी मिळून. रान, बांध, विहीर, गाव, मी, तुम्ही. नुसता बांध उठून चालत नाही. तसं असतं तर एवढ्या वर्षांत आकारामचं घर बयाक्काच्या परसात आलं असतं."

हशा पिकला. पण आकारामही कच्चा नव्हता. "मास्तर, ह्ये सालपट हाय. रान न्हवं. सालपटावर मोट चालत न्हाय."

हे बोलला नसता तर त्याचं कदाचित निभावलंही असतं. बयाबाईनं मान वर केली. "मोट का न्हाय चालत? चला की, जोडा माझी मोट!"

तिचं म्हणणं गावाला लगेच समजलं. शहरातल्या वाचकासाठी सांगतो. इंजिनं यायच्या आधी विहिरीचं पाणी बैल ओढायचे. मोट म्हणजे चामड्याची नाहीतर पत्र्याची मोठी बादली; तिचा दोर, म्हणजे नाडा, बैलांच्या जुवाला. बैल उतारावरून खाली चालत जातात, त्या उताराला धाव म्हणायचं, आणि बैल धावेच्या टोकाला पोचले की मोट बरोबर विहिरीच्या तोंडाशी येते. म्हणजे धाव तेवढीच लांब, जेवढी विहीर उन्हाळ्यात खोल. बयाबाईच्या सासऱ्यानं बांधलेली धाव बांधापाशी संपायची. विहीर सरकली आणि बांधही सरकला, तर दोघांतलं अंतर तेच राहायला हवं.

मास्तर हे ऐकून इतके आनंदले, की सायकल गुऱ्हाळावरच विसरले.

इंजिन आल्यापासून अडगळीत पडलेली पत्र्याची मोट निघाली, जुना नाडा निघाला. बयाबाईनं स्वतः बैल जुंपले आणि हाकलले. बैल चार पावलं चालले न चालले तोच बांधाला अडले. तोंडं आकारामच्या उसात. मोट विहिरीत निम्म्यावर लोंबकळत राहिली.

"पानी खोल गेलंय, म्हनून धाव पुरंना," आकाराम म्हणाला. आवाज मघाइतका गोड नव्हता.

हंबीरराव म्हणाले, "पुढं हाना."

"माझा ऊस तुडवल!"

"हाना म्हंतोय!"

बैल उसात शिरले. आणि मग सगळ्यांनी एक गोष्ट बघितली, जी रोज त्या वाटेनं जाऊनही कुणी बघितली नव्हती. बैल जिथून चालत होते त्या पट्ट्यातला ऊस गुडघाभर, पिवळा, मेल्यासारखा. दोन्ही बाजूला डोक्याच्या वर. दोन पिढ्यांच्या खुरांनी धोपटलेली ती धाव. तिच्यावर नांगर फिरला होता, पण मूळ धरण्याइतकी ती कधी मऊ झाली नव्हती. मोट तोंडाशी येऊन पाणी सांडलं तेव्हा बैल जिथं होते, तिथंच खुरटा ऊस संपत होता. दोनतीन बोटांनी एवढं अंतर कापायला जमिनीला शेकडो वर्षं लागली असती, हा हिशेब मास्तरांनी तिथंच करून सांगितला.

हंबीररावांनी तिथं पायानं रेघ मारली. "ह्यो बांध. मोजनीवाला येईल तवा येईल. तंवर ह्यो."

आकाराम खुरट्या उसातून त्या रेघेपाशी आला. मग म्हणाला, "बरं. ह्यो ऊस तेवडा तोडून घेतो, मग बांध मागं घेतो."

"ऊस कशाला तोडताय भावजी?" बयाबाईनं बैलांचं जू सोडता सोडता विचारलं. "माझ्या रानातला हाय. मी तोडीन."

दोन आठवड्यांनी तो ऊस तिनं आणि चिमणाबाईनं तोडला आणि कृष्णातच्या गुऱ्हाळावर घातला. कृष्णातनं एकच अट घातली, की मास्तर फिरकता कामा नयेत. बांध मात्र आकारामनं स्वतःच्या हातानं मागं घेतला. गडी लावले असते तर ते हसले असते.

पुढच्या गणपतीत मंडळाची पोरं परत मास्तरांकडं गेली. भाभींनी दारातच सांगितलं की जमिनीवर आता एक शब्द बोलायचा नाही. मास्तरांनी विचार करून चंद्र घेतला. तिथं गावातल्या कुणाचं रान नाही, असं ते मला म्हणाले. त्या दिवशी आकाराम सगळ्यात पुढं बसला होता, आणि भाषण संपेपर्यंत झोपला नाही.