अकराव्या पुलाखालचा कुत्रा

नदीखात्यात त्याला सगळे पंचनामा म्हणत. तोंडावर नाही, पण त्याच्या कानावर जाईल इतक्या बेताने. त्याला त्याचं वाईट वाटत नसे. जगात पंचनामे कमी पडतात म्हणूनच सगळा घोळ होतो, असं त्याचं ठाम मत होतं. शेजाऱ्याने एकाच दिवशी दोनदा हसून नमस्कार केला की याला वाटे, कुठेतरी पाणी मुरतंय. बायकोने लग्नाच्या पहिल्याच वर्षी कानाला खडा लावला होता, की या माणसासमोर ‘सहज’ हा शब्द काढायचा नाही. सहज केलं म्हटलं की तासभर उलटतपासणी.

हा स्वभाव त्याच्या कामाला मात्र फार मानवला. त्याचं काम मिंक पकडायचं. मुंगसासारखा लांबट, काळपट, पोहण्यात तरबेज असा हा प्राणी कोणे एके काळी लोकांनी कातड्यासाठी परदेशातून आणला, पिंजऱ्यांत पाळला आणि मग निष्काळजीपणे सुटू दिला. तेव्हापासून तो नदीकाठच्या पाणपक्ष्यांची अंडीपिल्लं फस्त करत सुटला होता. खात्याच्या यादीत त्याचं नाव ‘परके प्राणी’ या मथळ्याखाली सर्वांत वर होतं.

नदीवर अकरा पूल. पहिला गावाजवळ, अकरावा थेट डोंगराच्या पायथ्याशी. प्रत्येक पुलाखाली काठाने जाणाऱ्या अरुंद वाटेवर पंचनामाने ओल्या चिकणमातीचा हातभर रुंदीचा पट्टा अंथरलेला असे. काठाने जाणाऱ्या कुठल्याही जनावराला त्यावर पाय द्यावाच लागे. मंगळवारी आणि शुक्रवारी तो सगळे पट्टे बघे, ठसे वाचे, नोंदवहीत लिही आणि थापीने माती पुन्हा गुळगुळीत करी. मिंकचा ठसा दिसला की तिथे सापळा. खात्याला फक्त मिंकची नोंद हवी होती. पण हा कुत्र्यांचे ठसेसुद्धा पारदर्शक कागदावर गिरवून वहीत चिकटवायचा. घरट्यांच्या मोसमात काठावर कुत्रं मोकळं सोडायला बंदी होती, आणि कोणाचं कुत्रं नियम मोडतंय ते एक दिवस पुराव्यानिशी सिद्ध करू, या आशेवर त्याने बावीस वर्षांत बावीस वह्या भरल्या होत्या. त्या कोणी कधी उघडल्या नाहीत.

त्या वर्षी घरट्यांचा मोसम सुरू होतानाच तिसऱ्या पुलाजवळच्या लव्हाळ्यात खात्याच्या कॅमेऱ्याने एक कोल्हा टिपला. या मुलखात कोल्हा कोणी बापजन्मात पाहिला नव्हता. डोंगरापलीकडे होते म्हणतात, पण तो मुलूख वेगळा. आठवड्याभरात दुसरा फोटो आला. त्यात मादी होती आणि ती गाभण होती.

खात्याच्या मॅडमनी पंचनामाला बोलावलं. बाई वयाने लहान, पण कामाच्या पक्क्या. त्यांनी टेबलावर प्लास्टरमध्ये घेतलेला कोल्ह्याच्या पावलाचा साचा ठेवला.

“प्रश्न एवढाच आहे काका,” त्या म्हणाल्या, “की हे आपल्या पायांनी आले की कोणी आणून सोडले? आपल्या पायांनी आले असतील तर ते इथलेच, त्यांना हात लावायचा नाही. आणले असतील तर मिंकच्या यादीत जातील, आणि गोळी. शिवाय आणणाऱ्यावर कारवाई. नदी तुमच्याइतकी कोणाला माहीत नाही. डोंगरातून काठाकाठाने आले असते तर तुमच्या पट्ट्यांवर उमटले असते ना?”

“उमटल्याशिवाय राहिले असते का?” पंचनामाने छाती पुढे काढली. “माझ्या मातीवर पाय न ठेवता या नदीतून उंदीरसुद्धा येत नाही. बावीस वर्षांत कोल्हा उमटला नाही. म्हणजे आणला.”

मॅडमनी ते लिहून घेतलं. त्याने खाली सही केली आणि ओळख पटवायला म्हणून दिलेला साचा न बघताच पिशवीत टाकला. त्याच्या डोक्यात पुढचा प्रश्न घुमू लागला होता. आणला, तर कोणी?

डोंगरापलीकडून नेमाने ये-जा करणारा एकच माणूस त्याच्या ओळखीचा होता. त्याचा जावई.

जावई ट्रकवर होता. अबोल, सरळ, सासऱ्यापुढे मान खाली घालून बसणारा. नेमकी हीच गोष्ट पंचनामाला पाच वर्षं खटकत होती. एवढा सरळ माणूस असतो का कुठे? त्या रविवारी मुलीकडे गेला तेव्हा तो आधी ट्रकभोवती फिरला. सीटमागे ताडपत्रीखाली तारेचा पिंजरा होता. पिंजऱ्याच्या जाळीत पिवळट केस अडकले होते.

“जावईबापू, हा पिंजरा कसला?”

जावयाचा चेहरा उतरला. “काही नाही बाबा. सहज ठेवलाय.”

झालं. “ट्रक एकदा तपासून बघ,” असं त्याने निघताना मुलीच्या कानात सांगितलं. सोमवारी सकाळी कार्यालय उघडायच्या आधीच पंचनामा पायरीवर उभा होता. ट्रकचा नंबर, पिंजऱ्याची लांबी-रुंदी, केसांचा रंग, सगळं त्याने लिहून आणलं होतं. मॅडमनी दोनदा विचारलं, “काका, खात्री आहे ना?” तो म्हणाला, “कर्तव्यापुढे नातं नाही.” हे म्हणताना त्याला स्वतःचा फार अभिमान वाटला, हेही सांगायला हवं.

दोन दिवसांत ट्रक अडकवला गेला, जावयाचा परवाना चौकशीपर्यंत खात्याकडे जमा झाला. केस तपासणीला गेले. महिनाअखेरीला सुनावणी होती. आरोप टिकला तर परवाना कायमचा रद्द होणार होता, आणि ट्रकशिवाय त्या माणसाला दुसरं काही येत नव्हतं. मुलीचा फोन बायकोने घेतला. नुसतं “हो गं... हो गं” म्हणत राहिली, मग फोन ठेवून नवऱ्याकडे वळली.

“अहो, पोरीचा संसार आहे तो. काय केलंत हे?”

“मी केलं? केलं त्याने. मी फक्त पाहिलं.”

“तुम्ही कधी नुसतं पाहिलंय का काही?” एवढं बोलून ती आत गेली, आणि पुढचे आठ दिवस घरात फक्त भांडी बोलली.

पंचनामाला वाटलं, पुरावा अजून भक्कम हवा. सुनावणीत जावयाला निसटायला फट राहता कामा नये. म्हणून त्याने माळ्यावरून वह्या काढल्या. ट्रकच्या फेऱ्यांच्या तारखा आणि पट्ट्यांवरच्या तारखा जुळवायचा बेत होता. पिशवीतला साचाही पहिल्यांदाच नीट हातात घेतला. पुढच्या पायाची मधली दोन बोटं खालच्या बाजूला एकमेकांना चिकटलेली होती. कुत्र्याची सुटी असतात. एवढा फरक त्याला डोळे झाकूनही कळला असता, निदान त्याची तशी समजूत होती.

मग त्याने सहा वर्षांपूर्वीची वही उघडली. अकरावा पूल. गिरवलेला ठसा, बाजूला त्याच्याच ठसठशीत अक्षरात: ‘कुत्रा. पुलाजवळच्या दुकानदाराचा. खात्री.’ मधली दोन बोटं चिकटलेली.

पहिला विचार हा आला की वह्यांत कोणीतरी फेरफार केलाय. अक्षर पाहिलं. अक्षर त्याचंच. डिंकही त्याचाच. त्या दुकानदाराशी या कुत्र्यावरून तो चांगला दोन वर्षं भांडला होता आणि दुकानदार बिचारा सांगून थकला होता, की आपल्याकडे मांजरसुद्धा नाही.

पुढची वही. दहावा पूल: ‘कुत्रा, मोकाट.’ मग नववा, आठवा. मध्ये एक वर्ष सातव्यावरच. मग सहावा, पाचवा, चौथा. गेल्या हिवाळ्यात तिसरा: ‘कुत्रा. मालक लपवतो आहे.’ सहा वर्षं तो प्राणी आपल्या चार पायांनी, एक एक पूल ओलांडत, याच्या मातीवर सही करत खाली येत होता, आणि हा थापीने पुसत होता. जिथे कोल्हा होता तिथे त्याने कुत्र्याचा मालक शोधला.

सात वह्या. बाहेर अंगणात पालापाचोळा जाळायचं पिंप होतं आणि घरात कोणी नव्हतं. हा विचार त्याच्या मनात आला आणि बराच वेळ राहिला. त्याच्या नावावर खात्यात एकच गोष्ट होती: हा माणूस संशयी आहे, पण ठसा चुकत नाही. तेवढीही जाणार होती. शेवटी त्याने वह्या फडक्यात बांधल्या आणि बायकोच्या येण्याची वाट न पाहता निघाला.

मॅडमनी सातही वह्या ओळीने मांडल्या. त्या रागावतील म्हणून हा मान खाली घालून उभा होता, पण बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. “काका, एखादा प्राणी नव्या मुलखात पाऊल-पाऊल कसा पसरतो, याची अशी नोंद मी आजवर पाहिली नाही. तुमच्या नावाने छापू या.”

“छापा,” तो म्हणाला. “पण सहा वर्षं ओळखला नाही, हेही छापा.”

कोल्हे वाचले. लव्हाळ्यात त्यांना चार पिल्लं झाली. जावयाचा परवाना सुनावणीआधीच परत मिळाला. केसही कुत्र्याचेच निघाले: रस्त्यात सापडलेलं एक लंगडं कुत्रं तो ट्रकमध्ये बरोबर नेत होता आणि ट्रकच्या मालकाला कळलं तर काम जाईल म्हणून लपवत होता.

पुढच्या रविवारी पंचनामा मुलीकडे गेला. या वेळी ट्रकभोवती फिरला नाही, कारण ट्रक यायचा होता. मुलीने दार उघडलं, बसायला सांगितलं.

“चुकलो गं,” तो म्हणाला. आयुष्यात हा शब्द त्याच्या तोंडून किती वेळा निघाला असेल ते बोटांवर मोजता आलं असतं.

“मला माहीत आहे, बाबा. खात्याचा कागद आलाय.” ती खिडकीकडे बघत होती. “तुम्ही सांगितलंत म्हणून मी ट्रक तपासला होता. ते कागदबिगद व्हायच्या आधीच. त्याची बॅग, डबा, कपडे, सगळं उपसलं. तो दारात उभा राहून बघत होता. एक शब्द बोलला नाही. मला वाटलं, बाबा म्हणतायत म्हणजे काहीतरी असणारच.”

बाहेर ट्रक थांबला. जावई आत आला, सासऱ्याला पाहून हसला, “या बाबा, कधी आलात?” म्हणाला. आवाजात कडवटपणाचा मागमूस नव्हता.

मुलीने रोजच्यासारखं विचारलं, “आज उशीर झाला रे?”

जावयाने डबा टेबलावर ठेवला आणि झाकण काढून तिच्यापुढे सरकवला. मग पँटचे दोन्ही खिसे बाहेर ओढून उलटे केले. एक रुमाल आणि किल्ली टेबलावर पडली. खिसे तसेच लोंबत ठेवून तो हसत उभा राहिला, तिचं बघून होईपर्यंत.