आक्कांच्या हातची दोन बाळं

तेल कोमट करून आक्का दोन्ही तळवे एकमेकांवर घासायच्या, बाळाच्या पोटावर हलकेच ठेवायच्या आणि म्हणायच्या, "आंग धरंल. घाई न्हाई करायची."

सणसवाडीत गल्लीच्या तोंडाशी माझं शिलाईचं दुकान आहे. समोर आक्कांचा बंगला. त्याच्या मागे पूर्वी त्यांचा कांदा असायचा, तिथं आता पत्र्याच्या भाड्याच्या खोल्या. कंपन्यांच्या कडेनं अशा खोल्या तुम्हीही पाहिल्या असतील.

एका उन्हाळ्याच्या सुरुवातीला बंगल्यात आक्कांना नात झाली आणि मागच्या खोलीत बिहारच्या एका जोडप्याला मुलगा. नातीला न्हाऊ घालून झालं, की आक्का तीच तेलाची वाटी घेऊन मागे जायच्या. दोघांची झबलीही माझ्याकडून शिवून घेतली, एकाच कापडाची, एकाच मापाची. नात लवकरच झबल्यात मावेना. मुलाच्या अंगावर मात्र ते लोंबतच राहिलं.

त्याची आई कंपनीत परत जाऊ लागली होती. न जाऊन चालणारं नव्हतं. बाळ शेजारणीकडे, वरच्या दुधावर. दुपारी पत्रा तापला की खोलीत बसवत नसे. डॉक्टर म्हणाले, बाळाला गारव्याला ठेवा. आक्कांनी स्वतःच्या मुलाला विचारलं, आपली वरची खोली रिकामीच आहे, त्यांना देऊ का?

तो म्हणाला, "आई, आज यांना घेतलं तर उद्या समदी चाळ वर येईल."

आक्कांनी तो विषय पुन्हा काढला नाही.

वैशाखात बाळाला जुलाब लागले. दवाखान्यात नेलं, पण ते वाचलं नाही. गावी निघताना त्याची आई आक्कांच्या पाया पडली. मग आक्का माझ्या दुकानात येऊन बसल्या. म्हणाल्या, "लेकाशी भांडाया पायजे हुतं म्या. घर माझंच हाय की."

नंतर मात्र त्या भांडल्या. जेवण सोडलं आणि खोल्यांवर स्लॅब टाकायला लावला. स्लॅब पडला तसं मुलानं भाडं वाढवलं. लेकुरवाळी कुटुंबं एकेक करून पलीकडच्या गल्लीत, दुसऱ्या कुणाच्या पत्र्याखाली राहायला गेली. आक्का तिकडेही जात राहिल्या, पण तिथल्या घरमालकापुढे त्यांचं काही चालत नव्हतं.

गेल्या थंडीत आक्का गेल्या. त्या खोल्यांत आता कंपनीतली एकटी माणसं राहतात. आत चांगलं गार असतं. दुपारभर मी मशीन चालवते. मागून बाळाचं रडणं कधी ऐकू येत नाही.